जेवण रात्रीचं, चावा उन्हाळ्यातला

(टोरांटो परिसरातील मराठी श्रोत्यांसमोर, स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



बाहेर लख्ख ऊन पडलंय. कॅनडात राहून असं ऊन वाया घालवायचं आणि सभागृहात येऊन गोचिडीवर व्याख्यान ऐकायचं, याला मोठं मन लागतं. ते आपण दाखवलंत, त्याबद्दल आधी आभार. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांना विज्ञान मराठीतून सांगण्याची हौस होती. त्यामुळे आज मी शक्यतो आपल्याच भाषेत बोलणार आहे, आणि कुठे इंग्रजी शब्द आलाच तर तो गुपचूप देवनागरीत बोलणार आहे.

मी गुरांचा डॉक्टर. निवृत्त. माणसांच्या आजारावर मी बोलावं की नाही, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. माझ्याही आला होता. पण आजचा आजार असा आहे, की त्याची सुरुवात ज्या प्राण्यापासून होते तो माझ्या ओळखीचा. गाईच्या कानात, कासेला, शेपटीच्या मुळाशी बोट फिरवून गोचिडी शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. महाराष्ट्रातल्या दुधाच्या पट्ट्यात ‘गोचीड ताप’ हा शब्द कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. संकरित गाय, जर्सी किंवा होल्स्टीनच्या रक्ताची, त्या तापाने चटकन खाली बसते. देशी गाय बऱ्याचदा निभावून नेते. परदेशातून आलेलीला तिथल्या गोचिडीची सवय नसते! (आता हे ऐकून आपण एकमेकांकडे पाहू नका. मी गाईंबद्दल बोलतोय.)

तर विषय. एखाद्या माणसाने आयुष्यभर मटण खाल्लं. कधी काही झालं नाही. एका उन्हाळ्यात त्याला गोचीड चावली. महिन्या-दोन महिन्यांनी त्याने रात्री आठला मटण-भाकरी खाल्ली, साडेनऊला झोपला, आणि मध्यरात्री तळहात, डोकं, पोट खाजत जागा झाला. अंगभर गांधी. ओठ सुजलेले. कुणाला नुसती पोटात कळ आणि उलट्या. कुणाचा रक्तदाब एकदम उतरतो आणि माणूस न्हाणीघरात कोसळतो. या आजाराला अल्फा-गॅल सिंड्रोम म्हणतात. गोचिडीच्या चाव्याने जडलेली, लाल मांसाची ॲलर्जी.

यात न पटण्यासारखं किती आहे बघा. किडा चावतो, आणि ॲलर्जी येते मटणाची. मटण खातो संध्याकाळी, आणि त्रास होतो मध्यरात्री. पन्नास वर्षं खाल्लेलं अन्न एकावन्नाव्या वर्षी विष होतं. हे सगळं ज्याच्यासोबत घडतं तो डॉक्टरांना काय सांगणार? आणि डॉक्टर तरी काय विचारणार? ‘झोपण्यापूर्वी नवीन काही खाल्लं होतं का?’ ‘नाही हो, नेहमीचंच.’ संपली चौकशी.

हे कोडं सुटलं कसं, ती हकीकत मला फार आवडते, म्हणून तिला थोडा वेळ देतो.

अमेरिकेत २००४ साली सेटुक्सिमॅब नावाचं कर्करोगाचं औषध आलं. आतड्याच्या आणि पुढे डोक्या-मानेच्या कर्करोगावरचं. ते शिरेतून देतात. काही रुग्णांना पहिल्याच मात्रेला भयंकर प्रतिक्रिया येऊ लागली. गंमत पुढे आहे. देशभर हे प्रमाण थोडं होतं. पण टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत पाहिलं तर शंभरात बावीस रुग्णांना ती आली. औषध तेच, कंपनी तीच, मात्रा तीच. मग राज्य बदललं की शरीर कसं बदलतं?

व्हर्जिनिया विद्यापीठात टॉमस प्लॅट्स-मिल्स नावाचे ॲलर्जीतज्ज्ञ आहेत. त्यांच्या गटाने अशा रुग्णांचं औषध देण्यापूर्वीचं रक्त तपासलं. आढळलं असं, की ज्यांना प्रतिक्रिया आली त्यांच्यातल्या बहुतेकांच्या रक्तात ॲलर्जीचं प्रतिपिंड आधीपासूनच होतं. औषध पहिल्यांदाच घेताहेत, आणि शरीर मात्र त्याला ओळखतंय! कशामुळे? ते औषध उंदराच्या पेशींत तयार केलं जात होतं, आणि त्या पेशींनी त्याच्यावर एक साखर चिकटवली होती: अल्फा-गॅल. ही साखर गाय, बकरी, डुक्कर, उंदीर यांच्या अंगात असते. माणसाच्या अंगात नसते. हे २००८ साली प्रसिद्ध झालं.

पण त्या रुग्णांना या साखरेची ओळख आधी कुणी करून दिली? इथे नकाशा कामाला आला. औषधाची प्रतिक्रिया येणाऱ्या भागांचा नकाशा आणि ‘रॉकी माउंटन स्पॉटेड फीवर’ या गोचिडीने होणाऱ्या तापाचा नकाशा शेजारी ठेवला, तर दोन्ही जवळजवळ एकमेकांवर बसतात. संशय गेला लोन स्टार गोचिडीवर, जिच्या मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असतो.

आणि मग जे घडलं ते कादंबरीत कुणी लिहिलं असतं तर आपण म्हणालो असतो, हे जरा जास्तच होतंय. २००७ च्या ऑगस्टमध्ये प्लॅट्स-मिल्स स्वतः डोंगरात भटकायला गेले. परत आले तेव्हा घोट्यांवर बारीक गोचिडींची पिल्लं चिकटलेली. हा माणूस ॲलर्जीतज्ज्ञ. त्याने नुसतं खाजवलं नाही, दर काही दिवसांनी आपलंच रक्त तपासत राहिला. अल्फा-गॅलविरुद्धचं प्रतिपिंड चढत गेलं. नोव्हेंबरात लंडनमध्ये त्यांनी मेंढीचं मांस खाल्लं आणि सहा तासांनी अंगभर गांधी उठल्या. स्वतःचाच पुरावा!

याच सुमाराला जगाच्या दुसऱ्या टोकाला, सिडनीत, शेरिल व्हॅन नूनन या डॉक्टर बाईंनी वेगळ्याच वाटेने हेच शोधलं होतं. त्यांच्याकडे असे नकाशे नव्हते. त्यांनी रुग्णांना विचारलं. २००९ साली त्यांनी जे छापलं त्यात मांसाची ॲलर्जी असलेल्या २५ जणांपैकी २४ जणांना पूर्वी गोचीड चावून मोठी सूज आली होती. आणि तिथली गोचीड अमेरिकेतली नव्हेच. ऑस्ट्रेलियाची, निराळ्या जातीची. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवा. कॅनडात आलो की तो लागणार आहे.

आता ती साखर. आपल्या पूर्वजांकडेही ती होती. दोन ते तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या आणि वानरांच्या घराण्यात ती बनवणारं जनुक बंद पडलं. का, यावर तर्क आहेत. काही रोगजंतूंच्या अंगावरही ही साखर असते. आपण ती टाकून दिली, तर तिच्याविरुद्ध शस्त्र परजता येतं, असा एक तर्क आहे. काही असो. आपल्या कोकणातलं माकड आणि कोकणातला माणूस, दोघांकडे ती नाही. गाईकडे आहे. बैलाकडे आहे. कुत्र्याकडे आहे. म्हणून माझ्या आयुष्यात मी हजारो गोचिडींनी पोखरलेली गुरं पाहिली. ती तापाने मेली, रक्त आटून मेली, पण हा आजार एकाही गाईला झालेला नाही आणि होणारही नाही. जी साखर स्वतःच्याच रक्तामांसात आहे, तिची ॲलर्जी कशी होईल?

आपल्या शरीरात या साखरेविरुद्ध एका प्रकारचं प्रतिपिंड लहानपणापासून असतं, आतड्यातल्या जंतूंमुळे बनलेलं. त्याने ॲलर्जी होत नाही. मग गोचीड वेगळं काय करते? ती चावत नाही, ती मुक्काम करते. तीन दिवस, पाच दिवस, कधी त्याहून जास्त. त्या काळात तिची लाळ आपल्या कातडीत उतरते. तोंडाने, आतड्यातून आलेली गोष्ट शरीर सहसा अन्न म्हणून मान्य करतं. कातडी फोडून आलेल्या गोष्टीकडे ते शत्रू म्हणून बघतं. त्या लाळेत अल्फा-गॅल असते, शिवाय शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला चाळवणारे आणखी बरेच पदार्थ असतात. परिणामी दुसऱ्या जातीचं, ॲलर्जीचं, प्रतिपिंड बनतं. पुढे मटण खाल्लं की तीच साखर पोटातून आत येते.

मग उशीर का? शेंगदाण्याची ॲलर्जी काही मिनिटांत कळते. इथे दोन ते सहा तास लागतात. आजचं सगळ्यात पटणारं उत्तर चरबीकडे बोट दाखवतं. मांसातल्या चरबीला चिकटलेली ही साखर चरबीबरोबर पचते, सावकाश रक्तात पोचते. म्हणून चरबीदार तुकड्याने जास्त त्रास, कोरड्या तुकड्याने कधी कमी, कधी काहीच नाही. रुग्ण गोंधळतो: ‘गेल्या रविवारी खाल्लं तेव्हा काही झालं नाही!’

जाता जाता एक. बी रक्तगटाच्या खुणेची रचना या साखरेशी बरीच मिळतीजुळती आहे, आणि बी गटाच्या लोकांत हा आजार कमी आढळतो असं काही अभ्यासांत दिसलंय. आपल्या लोकांत बी गट बराच. पण त्या जोरावर कुणी अर्ध्या चड्डीत झुडपात शिरू नये. कमी म्हणजे शून्य नव्हे.

मंडळी, आता आपल्या अंगणात येऊ या.

कॅनडात लोन स्टार गोचीड अजून ठाण मांडून बसलेली नाही. ती पक्ष्यांच्या अंगावरून, प्रवाशांच्या कुत्र्यांवरून येते, एकेकटी सापडते. मग निश्चिंत व्हायचं का? याआधी एकदा आपण निश्चिंत होतो. काळ्या पायांची गोचीड, लाइम रोग पसरवणारी, १९७०च्या दशकात ओंटारियोत ईरी सरोवरातल्या लाँग पॉइंट या एका वाळूच्या पट्ट्यावर नांदत होती. एका पट्ट्यावर. आज ती किंग्स्टनला आहे, ओटावात आहे, टोरांटोच्या रूज पार्कमध्ये आहे, दक्षिण क्वेबेक, मॅनिटोबात आहे, आणि नोव्हा स्कोशियात तर विचारूच नका. लाइमची देशव्यापी मोजणी २००९ साली सुरू झाली, तेव्हा वर्षाला १४४ रुग्ण नोंदले गेले. २०१७ साली ही संख्या दोन हजारांच्या वर गेली. २०२३ साली साडेचार हजारांच्या वर.

हे झालं कसं? शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की दर वसंतात स्थलांतर करणारे पक्षी ५ कोटी ते १७.५ कोटी काळ्या पायांच्या गोचिडी कॅनडावर आणून टाकतात. त्या पूर्वीही पडत असणार. पूर्वी थंडीने मरत. आता हिवाळे मवाळ झाले, हरणं वाढली. पडलेली गोचीड जगते, अंडी घालते. ओटावा विद्यापीठात डॉ. मनीषा कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी नेमका हाच प्रसार अभ्यासतात: गोचीड कुठे पोचली, का टिकली. एका जातीने जी वाट तुडवली, ती दुसरीने तुडवू नये असा काही नियम आहे का? लोन स्टार अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडपर्यंत आणि त्याच्याही वर सरकलेली आहेच.

पण माझ्या मते खरी गोष्ट तिच्या येण्याची वाट पाहत नाही. सिडनीचा मुद्दा आठवा: निराळी गोचीड, तोच आजार. २०२५ साली अमेरिकेतून दोन रुग्णांच्या हकीकती शास्त्रीय नियतकालिकात छापून आल्या. एक मेन राज्यातली, काळ्या पायांच्या गोचिडीनंतरची. दुसरी वॉशिंग्टन राज्यातली, तिच्या पश्चिमेकडच्या बहिणीनंतरची. मेनच्या पलीकडे काय आहे? न्यू ब्रन्सविक आणि क्वेबेक. वॉशिंग्टनच्या पलीकडे? ब्रिटिश कोलंबिया. या दोन्ही गोचिडी कॅनडाच्या रहिवासी आहेत, नागरिकत्व मिळालेल्या. अशा घटना विरळ आहेत, हे मी ठासून सांगतो. काळ्या पायांची गोचीड चावलेल्या लक्षावधी लोकांना असं काही होत नाही. पण ‘ती गोचीड कॅनडात नाही, म्हणून तो आजार कॅनडात नाही’ हे वाक्य आता कुणी उच्चारू नये. शिवाय आपण हिवाळा टाळायला, लेकीकडे राहायला, परिषदेला सारखे खाली अमेरिकेत जातोच. व्हर्जिनियात चावून घेऊन ब्रॅम्प्टनमध्ये मटण खाणाऱ्याचा आजार कुठल्या देशाचा?

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ साली सांगितलं, की २०१० ते २०२२ या काळात तिथे एक लाख दहा हजारांवर संशयित रुग्ण तपासणीत आढळले, आणि खरी संख्या साडेचार लाखांपर्यंत असू शकते. त्याहून मला अस्वस्थ करणारा आकडा वेगळा आहे. त्यांनी डॉक्टर आणि आरोग्यसेवकांना विचारलं. शंभरातल्या बेचाळीस जणांनी या आजाराचं नावही ऐकलं नव्हतं. हे जिथे आजार पसरलाय तिथलं.

न ऐकल्याने काय होतं? २०२४ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतले ४७ वर्षांचे एक गृहस्थ बीफ खाल्ल्यावर काही तासांनी पोटदुखीने गडाबडा लोळले. सकाळी बरे झाले. डॉक्टरांकडे जाऊन सांगायचं तरी काय, असं वाटलं. दोन आठवड्यांनी दुपारी हॅम्बर्गर खाल्ला, संध्याकाळी कोसळले, वाचले नाहीत. शवविच्छेदनात कारण सापडेना. प्लॅट्स-मिल्स यांच्या गटाने रक्त तपासलं तेव्हा अल्फा-गॅलविरुद्धचं प्रतिपिंड निघालं. त्या उन्हाळ्यात त्यांच्या घोट्यांवर डझनभर खाजरे चावे होते. घरच्यांना वाटलं, कसलेतरी बारीक किडे. बहुधा ती लोन स्टारची पिल्लं होती. या आजाराने झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू.

आपल्यातले निम्मे लोक आता मनात म्हणत असतील, ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला काय त्याचं?’ जरा थांबा. मार्शमॅलोच्या पाकिटावर जिलेटिन आहे का हे तुम्ही वाचताच. आपल्या घरातली सहा वर्षांची पोरंही इथे ते वाचायला शिकतात. तेच जिलेटिन औषधाच्या कॅप्सूलमध्ये असतं, काही लशींमध्ये असतं. रक्त पातळ करणारं हेपारिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. हृदयाच्या काही कृत्रिम झडपा डुकराच्या किंवा गाईच्या ऊतींच्या. दूध, तूप बहुतेक रुग्णांना चालतं. काहींना तेही सोसत नाही, विशेषतः साईचं, चरबीचं. म्हणजे ज्याने जन्मात मटणाला हात लावला नाही, त्यालाही हा आजार होऊ शकतो, आणि त्याच्याकडे तर संशयाला जागाच नाही. बासुंदी खाऊन रात्री गांधी उठल्या तर गोचिडीची आठवण कुणाला येणार?

मांसाहारी मंडळींना दिलासाही देतो. कोंबडी चालते. अंडं चालतं. सुरमई, बोंबील, कोळंबी चालते. कोल्हापूरकरांनी तांबडा-पांढरा कोंबडीवर भागवावा, रुसू नये. मात्र हॉटेलात कोंबडी कशात तळली, रश्श्याला मटणाचं पाणी आहे का, हे विचारावं लागतं. लेबल इथे तुमच्या मदतीला येत नाही. कॅनडात मोहरी लेबलवर लिहिणं सक्तीचं आहे, आपल्या फोडणीची एवढी सरकारी दखल घेतली गेलीय. पण अल्फा-गॅलला त्या यादीत जागा नाही.

उपाय? औषधाने हा आजार बरा होत नाही. मांस बंद, आणि नवे चावे टाळणं. पुन्हा चावली नाही तर काही वर्षांत प्रतिपिंड उतरतं, काही जण पुन्हा मटण खाऊ शकतात; पण ते तज्ज्ञाला विचारून, मेजवानीत प्रयोग करून नव्हे. तीव्र त्रास झालेल्याने एपिनेफ्रिनचं इंजेक्शन जवळ बाळगायचं, आणि ते टोचून झाल्यावर नऊ-एक-एकला फोन करायचाच. अल्फा-गॅल नसलेली डुकरं जनुकबदल करून तयार झाली आहेत, २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेत मंजुरीही मिळाली. तो निराळ्या व्याख्यानाचा विषय.

आणि चावा टाळायचा कसा, हे सांगायला गुरांचा डॉक्टर पुरेसा आहे. गोचीड उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या टोकावर बसून पुढचे पाय पसरून वाट बघते; तुम्ही घासून जाता, ती चढते. पिल्लू खसखशीएवढं असतं. फॉलचे रंग बघायला जाताना आपण बेसावध असतो, आणि काळ्या पायांची गोचीड चार अंशांच्या वर तापमान गेलं की हिंडायला मोकळी. पायवाटेच्या मध्यातून चाला, मोजे विजारीवर ओढा, डीट किंवा इकारिडिन लावा. घरी आल्यावर काख, जांघ, गुडघ्यामागे, कानामागे, मुलांच्या केसांत हात फिरवा. आपल्याकडचा गुराखी संध्याकाळी गुरांसाठी जे करतो, तेच. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने, कातडीलगत धरून, सरळ वर, सावकाश ओढा. रॉकेल नको, चुना नको, पेटती काडी नको. गावाकडचे हे सगळे उपाय मी पाहिलेत. त्यांनी ती चवताळून आणखी लाळ सोडू शकते. काढलेली गोचीड फेकू नका. फोटो काढून ‘ईटिक’वर पाठवा. क्वेबेकच्या बिशप्स विद्यापीठातून सुरू झालेला हा उपक्रम जाणकारांकडून जात ओळखून देतो, पैसे घेत नाही.

हे घरचं झालं. माझी खरी मागणी दुसरी आहे.

१९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, मग माणसं. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली माणसं तिथे गेली, विषाणू ओळखला, गोचीड ओळखली. पुढे साठेक वर्षांनी तोच ‘माकडताप’ गोव्यात सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात काजूच्या बागांमधल्या मजुरांना झाला, तेव्हा डॉक्टरांना निदान कुठे बघायचं ते माहीत होतं. कारण कुणीतरी आधी मोजलं होतं, लिहून ठेवलं होतं. लाइम वाढतोय हे आज आपण छातीठोक सांगतो, तेही २००९ पासून मोजल्यामुळेच. अल्फा-गॅल कॅनडाच्या राष्ट्रीय नोंदणीच्या आजारांत नाही. न मोजलेला आजार दिसत नाही. आणि न दिसलेल्या आजारासाठी डॉक्टरांना कुणी प्रशिक्षण देत नाही.

म्हणून दोन विनंत्या. मध्यरात्री कारण नसताना गांधी, उलट्या, भोवळ असं झालं, तर डॉक्टरांना आदल्या संध्याकाळचं ताट आणि गेल्या उन्हाळ्यातला चावा, दोन्ही सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा, आणि अल्फा-गॅलची रक्ततपासणी करता येईल का ते विचारा. दुसरी: ही तपासणी किती जणांची झाली, किती जणांत आढळली, हे प्रत्येक प्रांताने नोंदवावं, अशी मागणी आपल्या आमदाराकडे, म्हणजे एमपीपीकडे करा. पत्र लिहा. मराठीत नको, इंग्रजीत लिहा. पण याच आठवड्यात लिहा.